पन्हाळीभोवतीची माती

आजीची दाढ पडली तेव्हा मी तिच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले होते. भाकरीचा घास चावता चावता ती थांबली, दोन बोटं तोंडात घातली आणि डाळीतला खडा काढावा तशी दाढ काढून ताटाच्या कडेला ठेवली. तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि पुढचा घास मोडला. ना ओरडली, ना गाल धरला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. माझेही दुधाचे दात त्याच सुमारास पडत होते, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आजीलाही आता नवी येईल, एवढंच.

जेवणं झाल्यावर ती दाढ मी धुऊन घेतली. माझे पडलेले दात म्हणजे नुसत्या टोप्या असायच्या, खाली मूळ असं नाहीच. ही मात्र चांगली लांब, खाली दोन पाय फुटलेली. डोकं झिजून गुळगुळीत झालेलं, पिवळं, पण धडधाकट. कुठं कीड नाही, खड्डा नाही. मुळाभोवती मात्र काळपट, खरखरीत असं काहीतरी चिकटलं होतं, रांजणाच्या आतून क्षार धरतात तसं. नखानं खरवडलं तर निघेना.

"आजी, ही किडलीच नाही, मंग पडली कामून?"

"जमिनीनं सोडलं तिला," आजी म्हणाली आणि उष्टी ताटं गोळा करायला लागली.

हे वाक्य मी विसरून गेले होते. गेल्या वर्षी लातूरच्या एका दवाखान्यात खुर्चीत आडवी पडले होते, तोंड वासलेलं, डोळ्यांवर दिवा, आणि ते आपोआप वर आलं. आजी शाळेत गेली नव्हती. पण तिनं केलेलं निदान बरोबर होतं.

मी दवाखान्यात गेले ते दुखतंय म्हणून नाही. खालच्या दोन दाढांमध्ये मेथीची काडी अडकायची आणि दिवसभर जीभ तिथेच जायची, त्या वैतागानं गेले. रक्त तर वर्षानुवर्षं येत होतं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा ब्रशला पहिल्यांदा लाल लागलं. सासूबाई म्हणाल्या, "गरोदरपणात होतं तसं." ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत संप्रेरकं वाढतात, हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आणि एरवी हिरडी जेवढा मळ निमूट सोसते तेवढ्यावरच ती चिडून उठते. फक्त तो मुलगा आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रक्त तेव्हापासून येतच होतं. बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला की मी नळ जरा मोठा सोडायचे. एवढाच उपचार.

डॉक्टरीणबाईंनी एक बारीक सळई घेतली. तिच्यावर काळ्या खुणा होत्या, फूटपट्टीसारख्या. ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद उतरवायची आणि आकडा सांगायचा. एका दाताला सहा ठिकाणी. बाजूला उभी असलेली मुलगी ते आकडे तक्त्यावर लिहीत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. चार, तीन, पाच." मोजणीला आलेला भूमापक शेताच्या कडेनं फिरतो तसं ते काम पुढे सरकत होतं. त्या मेथीच्या काडीपाशी आवाज थोडा खाली आला. "सहा."

सहा काय, हे मला माहीत नव्हतं. पण शेतकऱ्याच्या पोरीला आकडा सांगणाऱ्याच्या आवाजावरून पीक कळतं.

मराठीनं दातांवर केवढे शब्द उधळलेत. आपण दातओठ खातो, एखाद्यावर दात धरतो, दात विचकतो. कुणाची दातखीळ बसते. सावकारापुढे, साहेबापुढे दाताच्या कण्या होतात. चणे आणि दात यांची गाठ आपल्याकडे पडत नाही, दात कोरून कुणाचं पोट भरत नाही, आणि खायचे दात वेगळे असतातच. हिरडीवर मात्र घरी येताना बसमध्ये मला एकही म्हण आठवेना. लहानपणी तर मला वाटायचं, हिरडी ही हिरड्याची बायको असणार, कारण आजीच्या बटव्यात बाळहिरडा असायचा आणि घसा धरला की तो तोंडात ठेवायचा असायचा. म्हणजे हिरडीची स्वतःची अशी ओळख तेव्हाही नव्हतीच.

ती मला नीट कळली ती आमच्या जुन्या घरामुळे.

मांजरेच्या काठचं आमचं गाव, आणि घर माळवदाचं. दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचणं, पाला, आणि त्याच्यावर हातभर माती. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ह्याच जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या ह्याच मातीनं त्या पट्ट्यात हजारो माणसं गाडली. त्यानंतर माळवदाखाली झोप कुणाला येईना, आम्हीही पत्र्याखाली आलो. पण त्याआधीची सगळी पावसाळी वर्षं मी माळवदाखाली काढली आहेत आणि एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. माळवद मधोमध क्वचित गळतं. गळतं ते पन्हाळीपाशी. मातीतून पत्र्याची पन्हाळ जिथे बाहेर येते, तिथे. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पत्रा तसा वागत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते आणि पाणी बरोबर ती फट हुडकून काढतं. म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी मृगाच्या आधी चोपण माती कालवून वर चढायचे आणि पन्हाळीभोवती अंगठ्यानं दाबून दाबून बसवायचे. बाकीच्या माळवदाला एखाद्या वर्षी भर नाही टाकली तरी भागायचं. पन्हाळीला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दाताचं चित्र काढलं आणि मला ती पन्हाळच दिसली.

आपल्या अंगाला आतून-बाहेरून एक सलग पांघरूण आहे. बाहेर कातडी, तोंडापासून आत ओलसर अस्तर. नखं आणि केस ह्या पांघरुणातूनच तयार होतात, ते फाडून येत नाहीत. दात तेवढा निराळा. त्याचं मूळ आत हाडात आणि डोकं बाहेर, आणि मधे पांघरुणाला भोक. बत्तीस दात म्हणजे बत्तीस भोकं, तीही जंतूंनी भरलेल्या तोंडात. हे वाचून एखाद्याला वाटेल की अशी रचना करणाऱ्याला गवंडीकामातलं काही कळत नव्हतं. तो सांधा सांभाळायला हिरडी ठेवलेली आहे.

हिरडीची जी कड आपल्याला दाताभोवती कमानीसारखी दिसते ती दाताला चिकटलेली नसते, नुसती टेकलेली असते. कड आणि दात यांच्यामध्ये एक चर असतो. निरोगी तोंडात सळई त्यात १ ते ३ मिलिमीटर उतरते. खरा सांधा ह्या चराच्या तळाशी. तिथे हिरडीच्या पेशींचा एक पट्टा, साधारण मिलिमीटरभर उंचीचा, दाताला घट्ट धरून असतो. गंमत अशी की दाताचं वरचं कवच म्हणजे दगडच, त्यात जिवंत पेशी नाहीत. एका बाजूनं जीव आणि दुसऱ्या बाजूनं दगड, अशी ती पकड आहे. आणि ती एकदाच धरून ठेवलेलीही नसते. ह्या पेशी सतत झडतात आणि चरातून बाहेर पडतात, मागून नव्या येतात, येता येता दाताला नव्यानं धरतात. हा फेरा जेमतेम आठवड्याभराचा असतो. दादा वर्षातून एकदा जे करायचे, ते तोंडात आठवड्याला चाललेलं असतं, आणि ते चालू असताना सांधा एक दिवसही उघडा पडत नाही.

वर पहारा आहेच. हिरडीतून त्या चरात एक पातळ द्रव झिरपत राहतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या पट्ट्यातून वाट काढत बाहेर येतात, रात्रंदिवस, आपण ठणठणीत असतानासुद्धा. गावात पूर्वी जागल्या असायचा. त्यानं रात्री काय केलं हे सकाळी कुणी विचारत नसे. चोरी झाली की मात्र पहिलं नाव त्याचं.

माझ्या नणंदेच्या नातीला मध्यंतरी पहिला दात आला. खालचा आला म्हणून सगळे खूश, कारण वरचा आधी आला तर मामाला जड जातो म्हणतात. मी मात्र वाटीवर चमचा वाजवून तो दात बघत होते आणि मला नवल वाटलं ते रक्त न आल्याचं. हाडातून वर येऊन एक टोकदार वस्तू मांस भेदून बाहेर पडते आणि थेंब नाही. हेही त्या दिवशी विचारून घेतलं. दात वर येताना त्याच्यावर पेशींची एक टोपी असते. ती आतून येऊन हिरडीच्या अस्तराला मिळते, दोन्ही एकजीव होतात आणि मधला भाग विरून वाट होते. म्हणजे दात बाहेर येतो तो आधीच अस्तर लावलेल्या बोगद्यातून. आणि त्याच पेशींचं पुढे दाताभोवतीचं ते कडं होतं. भोक पडण्याच्या आधीच लिंपण तयार!

ह्या सांध्याच्या खाली बाजेचं काम आहे. दात जबड्यात खुंटीसारखा ठोकलेला असतो असं मी आयुष्यभर समजत होते. तसं नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी फट असते आणि त्या फटीत हजारो तंतू ताणलेले असतात. त्यांचं एक टोक मुळावरच्या पातळ थरात रुतलेलं, दुसरं हाडात. विल्यम शार्पी नावाचा एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ होता, त्या रुतलेल्या टोकांना अजून त्याचं नाव आहे. सुंभाच्या बाजेवर माणूस बसला की सुंभ ताणतो, बाज करकरते, आणि वजन चारी बाजूंच्या लाकडांवर वाटलं जातं. भुईमुगाचा दाणा फोडताना दात तसाच किंचित दबतो आणि परत जागेवर येतो. शिवाय ह्या सुंभाला जाणही असते. पालेभाजीतला केसाहून बारीक वाळूचा कण दातांखाली कचकन कळतो, तो दाताला नाही कळत, ह्या तंतूंना कळतो. काही तंतू दाताभोवती कड्यासारखे फिरतात आणि काही हाडावरून उडी मारून शेजारच्या दाताला जाऊन मिळतात. खळ्यावर मळणीचे बैल एकमेकांना बांधून पात हाकायचे, तसे सगळे दात एका दोरीत आहेत. एक खाली बसला की बाकीच्यांच्या चालीत फरक पडणारच.

आता थोडं रंगाबद्दल, कारण ह्या रंगापायी मी शाळेत पदर, म्हणजे तेव्हाची ओढणी, तोंडाला लावून हसायचे. माझ्या हिरड्या काळपट आहेत. टीव्हीवरच्या पेस्टच्या जाहिरातीत त्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या गुलाबी असायच्या आणि मला वाटायचं माझ्या सडक्या आहेत. पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आपल्या लोकांत हा रंग साधारण आहे. अंगाच्या कातडीला जे रंगद्रव्य सावळेपण देतं तेच हिरडीतही असतं. काळं म्हणजे आजारी नव्हे. लालभडक, सुजलेली, कड जाड झालेली, बोट लावताच रक्त येणारी, ती आजारी. निरोगी हिरडीवर पुष्कळदा बारीक बारीक खळगे दिसतात, पुस्तकात त्याला संत्र्याच्या सालीची उपमा देतात म्हणाल्या. संत्रं नागपूरकरांना लखलाभ, आपल्याकडे जालन्याची मोसंबी आहे! मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि मोसंबी शोधत बसले. पुढच्या दातांवर सापडली. मागे, सहाच्या आकड्यापाशी, साल गुळगुळीत आणि फुगलेली होती. सगळ्यांच्याच हिरडीवर हे खळगे असतात असं नाही, आणि नसले म्हणून काही बिघडत नाही. होते आणि बुजले, तर मात्र सुजेनं बुजवलेले असतात.

आता मिसरी.

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो मिसरीच्या वासानं. चुलीवर जुना तवा, त्यावर तंबाखू, ती काळी ठिक्कर होईपर्यंत परतायची. घरभर असा ठसका उठायचा की शेजारचं लेकरूसुद्धा खोकायला लागायचं. मग ती चुरून डबीत. आजी ओट्यावर बसायची, शेजारच्या दोघी-तिघी यायच्या, आणि डाव्या तळहातावर चिमूट घेऊन उजव्या हाताच्या बोटानं ती दातांवर, हिरड्यांवर फिरत राहायची. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात गावातली सगळी लग्नं, भांडणं आणि बाळंतपणं हातावेगळी व्हायची. लहानपणी मला वाटायचं, बायका दात घासतात. त्या दात घासत नव्हत्या. नवऱ्याच्या, सासूच्या, चुलीच्या तावडीतून सुटलेला तो अर्धा तास होता, आणि मिसरी हे त्याचं निमित्त. नंतर दुपारी खुरपायला जायच्या आधी एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गाठोड्यात तव्या-परातीसोबत ती डबी असतेच. भूक मरते, झोप उडते, दाढ ठणकत असेल तर बधिर होते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोण बंदी आणणार?

मी एकदा चोरून लावली होती. चक्कर येऊन पाणी शेंदायच्या जागी बसले आणि मायनं पाठीत धपाटा घातला. एवढीच माझी मिसरी.

तंबाखूचं एक कपट मला उशिरा कळलं. कर्करोगाचं सगळ्यांना माहीत आहे, डबीवर छापलेलं असतं, आणि ज्या ठिकाणी तंबाखू रोज ठेवली जाते तिथलं अस्तर पांढरं पडतं तेही दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात असतं. हे कपट लहान आहे. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त कमी येतं. हिरडी आजारी असूनही सुजलेली, लाल दिसत नाही. म्हणजे हिरडीकडे सांगायचा जो एकच शब्द आहे, तो तंबाखू तिच्या तोंडातून काढून घेते. आजीच्या हिरड्यांतून रक्त आल्याचं मला एकदाही आठवत नाही. घट्ट, कोरड्या, काळ्या हिरड्या. गावातल्या बायका त्याचं कौतुक करायच्या, मिसरीनं हिरड्या टणक होतात म्हणून. आणि एक एक करून न किडलेले दात ताटाच्या कडेला येत गेले.

एकच शब्द म्हणाले, कारण हिरडी दुखत नाही. निदान लवकर दुखत नाही. किडका दात रात्री माणसाला भिंतीवर डोकं आपटायला लावतो, कारण त्याचा मगज चारी बाजूंनी बंद कोठडीत असतो, सूज आली की दाब वाढायला जागा नसते. हिरडीपाशी जे होतं ते उघड्यावर होतं. चरात मऊ, चिकट मळाचा थर बसतो, त्यात जंतू वस्ती करतात, लाळेतल्या क्षारांनी तो दगड होतो, तेच कीटण, म्हणजे आजीच्या दाढेवरचं ते रांजणाचं काळं. हिरडी लढते, सुजते, चराचा तळ खाली सरकतो. तीनाचे चार, चाराचे सहा. त्याच लढाईच्या धगीत हाड झिजतं आणि बाजेचे सुंभ तुटत जातात. पू साचला तरी पुष्कळदा वाहून जातो, म्हणून ठणका नाही. आमच्या घरात, आणि मला वाटतं बहुतेक घरांत, दुखणं ओरडलं तरच ते दुखणं. बाई जात्यावर बसू शकते, शेतात जाऊ शकते, म्हणजे तिला काही झालेलं नाही. अशा घरात हिरडीचं कोण ऐकणार?

सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग वेगळे सांगितले आहेत. त्यातला शीताद म्हणजे हिरड्यांतून अकारण रक्त, दुर्गंधी, काळवंडणं, मांस सैल होऊन गळणं. दाताचे रोग निराळे आणि दात ज्यात उभा आहे त्याचे निराळे, एवढा विवेक त्या काळात होता. आपण तो 'पायोरिया झाला' ह्या एका शब्दात गुंडाळून ठेवला.

मला सर्वात जास्त पटला तो डेन्मार्कमधल्या आरहूस गावचा प्रयोग. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. बारा धडधाकट माणसं घेतली, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, आणि त्यांना दात घासायचं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर पूर्ववत झाल्या. ना औषध, ना काढा. हे ऐकून मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मग माझ्याही होतील." त्या म्हणाल्या, सूज जाईल. हाड गेलंय ते बहुतेक येणार नाही. तीन आठवड्यांचा हिशोब परत फिरवता येतो, वीस वर्षांचा नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. गावाकडे भावानं त्या वर्षी दोन बोअर घेतले. रात्र रात्र गाडीचा आवाज, तोंडावर रुमाल बांधून माणसं धुळीत उभी, आणि मधून मधून गाडीवाला आकडा ओरडायचा. दोनशे. तीनशे. चारशे. नुसती धूळ. आम्ही शहरात एका कपात तोंड धुवायचो, निम्म्यानं चूळ, निम्म्यानं ब्रश. पुढे मी त्या दुष्काळावर माझ्या हिरड्यांचं खापर फोडून पाहिलं, पण डॉक्टरीणबाईंनी ते मान्य केलं नाही. मळाचा थर पाण्यानं जात नाही म्हणाल्या, कितीही चुळा भरा. हौदाच्या शेवाळासारखं आहे ते. घागरभर पाणी ओतलं तर शेवाळ हलतं का? काथ्या घेऊन घासावं लागतं. ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरका धरायचा, हलक्या हातानं. आणि दोन दातांच्या मध्ये, जिथे ब्रश जातच नाही, तिथे बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू मिळतं ते घालायचं. दोन दात एकमेकांना टेकतात त्याच्या खाली हिरडीत एक खोलगट जागा असते, घोड्यावरच्या खोगिरासारखी. तिथलं अस्तर सगळ्यात नाजूक. रोगाचा पाय पुष्कळदा तिथेच पडतो. मिसरीचं बोट काय किंवा माझा घाईचा ब्रश काय, तिथवर कधी पोचलेच नव्हते. दादांची बाभळीची काडी कदाचित पोचत असेल, पण दादांना साखरेनं गाठलं.

साखरेचं मी मुद्दाम थोडक्यात उरकते, कारण त्यात अजून मी स्वतः उभी आहे. आकडे बघून डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासून यायला सांगितलं. दाताच्या दवाखान्यात साखर कशाला, म्हणून मी कुरकुरले. आली, काठावरची, पण आली. साखर वाढली की हिरडीची झुंज उलटते आणि घाव भरत नाहीत, आणि हिरडी सुजलेली राहिली की साखर आवरत नाही. दादांचे शेवटच्या पाच वर्षांत सगळे दात हलले तेव्हा आम्ही त्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी नेत होतो. दोन्ही ठिकाणच्या माणसांनी एकमेकांचं नावही घेतलं नाही.

कीटण काढायचं यंत्र तासभर गुंगुंगुं करत होतं. आमच्याकडे असं म्हणतात की दात साफ करून घेतले की हलायला लागतात. मीही भीत होतेच, आणि खरंच, दुसऱ्या दिवशी जीभ फिरवली तर दातांमध्ये फटी, खिडक्या उघड्या टाकल्यासारख्या. ती फट यंत्रानं पाडलेली नव्हती. हाड आधीच खाली गेलं होतं, त्या जागी कीटण गच्च बसलं होतं, पडक्या भिंतीला दगडांचा टेकू असावा तसं. टेकू काढल्यावर भिंतीचं खरं रूप दिसलं. तीन महिन्यांनी पुन्हा सळई फिरली. सहाचे चार झाले. फेस पांढरा आला त्या सकाळी मी नवऱ्याला बेसिनपाशी बोलावून दाखवला. त्यानं बघितला आणि विचारलं, "काय बघायचंय ह्यात?"

मग मी मायला घेऊन आले. माय आता बहात्तरची आहे, भावाकडे गावी असते, आणि आजीची डबी तिच्याकडे आली आहे. मला धपाटा घालणारी हीच. दुखत नाही, रगत नाही, मला कामून नेऊलालीस, असं एसटीत बसेपर्यंत चाललं होतं. तिचे वरचे चार दात गेलेत, पडताना एकही किडलेला नव्हता. खुर्ची मागे झुकली तसा तिनं पदर नीट केला, माझा हात धरला आणि डोळे मिटले.

सळई फिरायला लागली. "चार, तीन, पाच. पाच, पाच, सहा." लिहिणारी मुलगी लिहीत होती. मायच्या हिरडीतून थेंबभरही रक्त आलं नाही. "सहा, सहा, सात."

मायनं हात वर केला. डॉक्टरीणबाई थांबल्या. ती उठून बसली, थुंकली, पदरानं तोंड पुसलं.

"बाई, हे आकडे कशाचे म्हणायचे? फूट का?"

"नाही हो आजी. मिलिमीटर. हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते बघतेय. हा खालचा सातवर गेलाय."

माय माझ्याकडे बघून हसली, पदर तोंडाला लावून.

"सात व्हय? मंग पाणी लई वर हाय की! तुझ्या भावाला चारशेवर बी नाही लागलं."